गोल कोअर ही चैन नव्हे

टोरॉइडल, म्हणजे कड्याच्या आकाराच्या कोअरच्या, ट्रान्सफॉर्मरचं नाव काढलं की वाइंडिंगवाल्याकडून हमखास ऐकू येतं, ‘ते ॲम्प्लिफायरच्या शौकिनांचं काम. आपल्याला ई-आय स्टॅम्पिंगचा पुरे.’ यातला पहिला भाग खोटा आहे, दुसरा अर्धवट.

फॅरेडेने 1831 साली विद्युतप्रवर्तन दाखवलं ते लोखंडी कड्यावरच्या दोन वाइंडिंगांनी. आजही घरच्या बोर्डातल्या आरसीसीबीच्या पोटात असंच कडं असतं. फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्यातून जातात. गेला तेवढाच करंट परतला, तर दोघांचं चुंबकत्व एकमेकांना खोडतं. थोडा करंट माणसाच्या अंगातून जमिनीत गेला की हिशेब चुकतो, कड्यावरच्या तिसऱ्या वाइंडिंगला ते कळतं आणि गळती 30 मिलिअँपिअरला पोचली की क्षणार्धात स्विच पडतो. याला चैन म्हणायचं?

ई-आयमध्ये E आणि I आकाराच्या पट्ट्यांच्या जोडावर बारीक फट राहतेच. तिथून चुंबकीय क्षेत्र बाहेर सांडतं आणि शेजारच्या सर्किटमध्ये हम घुसतो. टोरॉइडमध्ये सीआरजीओ पोलादाची सलग पट्टी गुंडाळलेली असते. जोड नाही आणि पोलादाला मानवणारी दिशा संपूर्ण फेऱ्यात सांभाळली जाते. म्हणून नो-लोड करंट कमी, वजन कमी, आवाजही कमी.

आक्षेप आहेत आणि ते खरे आहेत. फट नसल्यामुळे कोअरमध्ये चुंबकत्व शिल्लक राहतं. चालू करताना करंट उसळतो, एमसीबी पडतो; सॉफ्ट-स्टार्ट लावावा लागतो. प्रत्येक वेढा भोकातून ओवायचा, म्हणून मजुरी जास्त. मधल्या बोल्टची दोन्ही टोकं धातूच्या पेटीला टेकली, तर बोल्ट आणि पेटी मिळून एक शॉर्ट वेढा तयार होतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. पण हे दोष बसवणाऱ्याने सांभाळायचे आहेत. त्यासाठी जातच बाद करायचं कारण नाही.

निवडीची कसोटी एकच: सांडणारं क्षेत्र हवं की नको? आर्क वेल्डिंगला ते हवंच असतं, करंट त्यानेच आवरतो. तिथे टोरॉइड घेणं मूर्खपणा. मोजमापाची उपकरणं, प्रीॲम्प, रुग्णाला जोडलेली यंत्रं यांना ते नकोच असतं. आणि ट्रान्सफॉर्मर चोवीस तास चालू राहणार असेल, तर कोटेशनमधल्या किमतीच्या आधी नो-लोड लॉस विचारा. किंमत एकदाच द्यायची असते, तो लॉस दर महिन्याच्या बिलात येतो.