निसर्गोपचार कोणासाठी?

प्रवरेच्या काठचे बेलापूर हे उसाच्या इतिहासातील जुने नाव. भंडारदऱ्याच्या पाण्यावर प्रवरेचे कालवे वाहू लागले आणि या टापूचे रूप पालटले. हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी साखर कारखाना चालला, कंपनीने खंडाने घेतलेल्या जमिनी परत मिळाव्यात म्हणून खंडकरी शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या झगडावे लागले, आणि जवळच लोणीला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखानदारीचा पाया घातला. साखरेच्या या मुलखात आता मधुमेह आणि रक्तदाब हे घरोघरचे विषय झाले आहेत. त्यांच्या पाठोपाठ उपचारांचा बाजारही आला आहे. आहाराने रोग मुळापासून घालवण्याची हमी देणारी शिबिरे, काढे, चूर्णे, पंचकर्म, योग, मातीचे लेप आणि या सर्वांना आधुनिक औषधांच्या जोडीला बसवणारी ‘एकात्मिक’ चिकित्सा, असा त्याचा पसारा आहे. पुरोगामी कार्यकर्ता यापैकी कशाला हसून बाजूला सारतो, तर कशावर घरच्यांच्या आग्रहाखातर विश्वास ठेवतो. या प्रश्नाकडे आर्थिक आणि सामाजिक प्रश्न म्हणून पाहण्याची तसदी मात्र आपल्याकडे फारशी कोणी घेत नाही.

हा वाद नवा नाही. १९४६ हे साल या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी भोर समितीचा अहवाल आला. पैसे नाहीत म्हणून कोणाही नागरिकाला उपचार नाकारला जाऊ नये, हे तत्त्व त्या अहवालाने मांडले. त्याच वर्षी कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली देशी वैद्यकाचा विचार करणारी समिती नेमली गेली आणि १९४८ साली तिने दोन्ही वैद्यकांचा समन्वय करण्याची शिफारस केली. आणि त्याच वर्षाच्या मार्च महिन्यात गांधीजी पुण्याजवळच्या उरुळी कांचनला जाऊन राहिले. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्राला गरिबांचे केंद्र बनवण्याचा त्यांचा विचार होता. पण गरीब माणूस शहरातल्या अशा संस्थेत येणार नाही, संस्थेनेच खेड्यात गेले पाहिजे, हे ध्यानात येताच त्यांनी बेत बदलला. उरुळीत कटिस्नान, मातीच्या पट्ट्या, सूर्यस्नान, साधा आहार आणि रामनाम यांवर भर होता. पुढे मणिभाई देसाई यांनी तो आश्रम जन्मभर सांभाळला.

रामनामाने हिवताप बरा होतो की नाही, हा येथे मुद्दा नाही. उरुळीच्या प्रयोगामागे एक कसोटी होती: खेड्यातील सर्वांत गरीब माणसाला जो उपचार परवडत नाही, तो कितीही गुणकारी असला तरी देशाचा उपचार होऊ शकत नाही. आजच्या निसर्गोपचाराला ही कसोटी लावून पाहावी. सात किंवा दहा दिवसांचे निवासी शिबिर, फळांचा रस, मालिश, वाफेचे स्नान आणि त्यासाठी मोजावी लागणारी हजारो रुपयांची फी हा ज्यांना रजा मिळते त्यांचा उपचार झाला आहे. गांधीजींनी जी संस्था शहरातून खेड्यात नेली, ती पुन्हा शहराकडे आणि शहरातूनही विश्रामगृहाकडे चालती झाली आहे.

कसोटीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. येरवड्याच्या कैदेत असताना जानेवारी १९२४ मध्ये गांधीजींना आंत्रपुच्छाचा विकार जडला, तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली आणि ते वाचले. निसर्गोपचाराच्या सर्वांत मोठ्या पुरस्कर्त्यालाही शस्त्रक्रियेची गरज पडली, यात त्याचा पराभव पाहण्याचे कारण नाही. कोणत्या रोगाला कोठवर थांबायचे आणि कोठे सुरी हाती घ्यायची, हा विवेकाचा प्रश्न आहे. आणि विवेक म्हणजे दोन पद्धतींना सारखाच मान देण्याचे सौजन्य नव्हे.

देशी किंवा घरगुती म्हणून हिणवलेल्या गोष्टी तपासून घेतल्या की काय घडते, याची उदाहरणे आपल्याजवळ आहेत. सर्पगंधेचे मूळ आपले वैद्य पूर्वापार वापरत. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ते उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन, मोजमाप ठेवून, १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि जगभरच्या डॉक्टरांना रक्तदाबावर एक औषध मिळाले. काही रुग्णांना त्या औषधाने उदासीनता येते, हेही पुढे मोजमापामुळेच कळले. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली आणि सलाईन संपू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजले. तीस टक्क्यांच्या आसपास गेलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आले. मधुमेहाचेही तसेच. चेन्नईच्या डॉक्टरांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या भारतीयांमध्ये आहार व चालणे यांनी रोगाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, तर मेटफॉर्मिनच्या गोळीने २६.४ टक्क्यांनी. पथ्य आणि पायपीट येथे गोळीच्या तोडीस तोड ठरली.

परंतु ‘उंबरठ्यावर’ हा शब्द जाहिरातीत गाळला जातो आणि तेथेच माणसे मरतात. ज्या मुलाच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्याचे इन्सुलिन थांबवून त्याला कारल्याच्या रसावर ठेवणे हा निसर्गोपचार नसून सदोष मनुष्यवध आहे. क्षयाच्या औषधांची साखळी मध्येच तोडणे, सर्पदंशावर झाडपाला लावून घटका दवडणे, छातीतील कळ पित्ताची समजून लंघन करणे, हे सगळे त्याच जातीचे. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना बंदी घालणारा कायदा १९५४ पासून आहे. तो कागदावरच राहिला नसता, तर २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाला ‘पतंजली’ला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल फटकारावे लागले नसते आणि तिला वृत्तपत्रांतून माफी छापावी लागली नसती. स्वदेशीच्या नावाने चाललेला व्यापार हाही व्यापारच असतो.

एवढे मान्य केल्यावर खरा प्रश्न सुरू होतो. निसर्गोपचाराला लागणारा निसर्ग कोणाच्या वाट्याला आहे?

गळिताचा हंगाम सुरू झाला की बीड, पाथर्डी, आष्टीकडून ऊसतोड मजुरांचे तांडे या कारखान्यांच्या परिसरात उतरतात. नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत तो कोयता त्याचाच. पहाटेपासून तोडणी, मोळ्या डोक्यावर वाहून गाडीत भरणे, रात्री-अपरात्री गाडी आली तरी भरणीला उठणे, आणि राहायला पालाची कोपी. पाणी दूर, संडास नाही, पाळीच्या दिवसांत कपडा धुवायला आडोसा नाही. एक दिवस काम चुकले तर खाडा पडतो आणि त्याचा दंड उचलीत चढतो. या बाईला अंगावरून जाते, ओटीपोट दुखते, कंबर धरते. हे आजार अगदी सामान्य आहेत. स्वच्छ पाणी, विश्रांती, पोटभर अन्न आणि गरज पडल्यास थोड्या दिवसांच्या गोळ्या यांनी त्यांतील पुष्कळसे बरे होतात. पण तिला मिळते काय, तर गर्भाशय काढून टाकण्याचा सल्ला. पिशवी काढली की पाळीचा त्रास नाही, खाडा नाही आणि कर्करोगाची भीतीही नाही, असे तिला सांगितले जाते. बीड जिल्ह्यातील या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली, म्हणजे सुमारे १७ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांत हेच प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते. दोन्ही पाहण्यांतील वयोगटाचा फरक जमेस धरला, तरी या आकड्यांमधील दरी भरून निघत नाही.

औषधशास्त्राचा अतिरेक आणि निसर्गोपचाराचा अभाव या दोन्ही गोष्टी या एका कोपीत एकत्र नांदतात. या स्त्रीला ‘आहार सांभाळा, ताण घेऊ नका’ असे सांगणारा वैद्य तिची थट्टा करतो. आणि पिशवी काढणारा सर्जन तिला लुबाडतो. दोघांनाही तिच्या मजुरीच्या कराराकडे पाहायचे नसते.

खेड्यातील नित्याचे वैद्यक याहून फारसे वेगळे नाही. थकवा आला की सलाईन लावून घ्यायचे, ही आता चालच पडली आहे. शिरेतून गेलेल्या मीठपाण्याच्या बाटलीसाठी मजूर काही दिवसांची मजुरी देतो, आणि तेच मीठपाणी घरच्या तांब्यातून प्यायला मात्र कोणी सांगत नाही, कारण त्यात कोणाचीच कमाई नाही. बाटली लावणारा पुष्कळदा आयुर्वेदाचा किंवा होमिओपॅथीचा पदवीधर असतो. होमिओपॅथांनी वर्षभराचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा करून आधुनिक औषधे लिहावीत, अशी कायद्यात दुरुस्ती महाराष्ट्राने २०१४ साली केली. त्यावर डॉक्टरांच्या संघटना भांडत राहिल्या, पण भांडण परवान्याचे होते, रोग्याचे नव्हते. सरकारला मात्र ‘एकात्मिक’ हा शब्द फार सोयीचा झाला आहे. डॉक्टर खेड्यात पाठवता येत नाही, त्याला घर व पगार देता येत नाही, तेव्हा दवाखान्याच्या दारावर नवी पाटी लावून दोन पद्धतींचा संगम झाल्याचे जाहीर करावे! २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने आरोग्यावरील सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ साली, तेही महामारीच्या काळात, तो १.८४ टक्के होता. त्या वर्षी देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भार लोकांनी स्वतःच्या खिशातून उचलला.

याच जिल्ह्याने दुसरा मार्गही दाखवलेला आहे. १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य जामखेडला आले. बहुतेक निरक्षर, पुष्कळशा दलित जातींतील स्त्रियांना त्यांनी गावाच्या आरोग्यसेविका केले. मीठ-साखरेचे पाणी, बाळंतिणीचा आहार, विहिरीची स्वच्छता, लस आणि रोग्याला वेळेवर रुग्णालयात पोचवणे हे सगळे एकाच हातून होऊ लागले. तेथे घरगुती उपाय आणि शस्त्रक्रिया यांच्यात भांडण नव्हते, कारण कोणता उपाय केव्हा, हे ठरवणाऱ्या बाईचा त्यात नफा नव्हता. पोषण, पाणी आणि जातीची उतरंड ही तिथे रोगाचीच कारणे मानली गेली.

ऊसतोड मजुरांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ राज्यात आहे. तेव्हा येत्या हंगामात बेलापूर परिसरात कार्यकर्त्यांनी कारखान्यांपुढे ठेवण्याच्या मागण्या सरळ आहेत. तांडा उतरेल तेथे पहिल्या दिवसापासून नळाचे पाणी आणि स्त्रियांसाठी संडास. आठवड्यातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पथकाची फेरी, ज्यात रक्तदाब व साखर तपासली जाईल आणि गोळ्या फुकट मिळतील. दुसऱ्या सरकारी डॉक्टरने तपासल्याखेरीज कोणाही ऊसतोड स्त्रीची गर्भाशयाची शस्त्रक्रिया होणार नाही, असा नियम. आणि आजारपणाच्या व पाळीच्या दिवसाचा खाडा उचलीत धरला जाणार नाही, हे मुकादमाच्या करारात लेखी.