सांडपाणी तपासा, मोहल्ला नको

पुणे शहराचे पूर्ण शुद्ध न झालेले सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेला मिळते आणि भीमा शिरूर व दौंड तालुक्यांच्या मधून वाहत उजनीकडे जाते. मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचललेले शहराचे वापरलेले पाणी बेबी कालव्याने हवेली-दौंडच्या शेतांपर्यंत पोहोचते. म्हणजे शहराने एकदा वापरलेले पाणी आपल्या वाट्याला येते. म्हणून सांडपाण्यातले विषाणू शोधण्याचे काम पुण्या-मुंबईपुरते राहून चालणार नाही. शिरूर आणि दौंडच्या नगरपरिषदांकडे ही मागणी करण्यात मुस्लिम तरुणांनी पुढे यावे, असे मला वाटते. त्याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण आरोग्याचे. पोलिओ, रोटा, नोरो, कावीळ ‘अ’ आणि ‘ई’ यांचे विषाणू विष्ठेतून बाहेर पडतात आणि घाण पाण्यातून पुन्हा माणसाच्या तोंडात जातात. पोलिओची लागण झालेल्या सुमारे दोनशे मुलांपैकी एखाद्यालाच लुळेपणा येतो. बाकीची धडधाकट दिसतात, पण त्यांच्याकडून विषाणू गटारात जात राहतो. त्यामुळे दवाखान्यात रुग्ण येण्याआधीच गटारात त्याचा पत्ता लागतो. मुंबईत २००१ पासून पोलिओसाठी सांडपाणी तपासले जाते. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला. त्यानंतर विषाणू खरोखर गेला, ही खात्री देण्यात गटारांच्या नमुन्यांचा मोठा वाटा होता. गाझात जुलै २०२४ मध्ये पोलिओचा विषाणू आधी सांडपाण्यात सापडला. ऑगस्टमध्ये दहा महिन्यांच्या बाळाला लुळेपणा आल्याचे निश्चित झाले आणि सप्टेंबरमध्ये युद्ध चालू असतानाच लसीकरण करावे लागले.

कावीळ ‘ई’ तर आपल्या घरातला प्रश्न आहे. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेचे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. पुढे कळले की तो ‘ई’ विषाणू होता. गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हीच कावीळ जीवघेणी ठरू शकते.

आपल्या फिक्हच्या बहुतेक किताबांची सुरुवात तहारतच्या बाबाने होते. पाणी पाक आहे की नाही, हे रंग, वास आणि चव यांवरून ओळखायला आपण मदरशात शिकलो. विषाणूने या तिन्हींपैकी काहीच बदलत नाही. हौदातले पाणी काचेसारखे नितळ दिसेल आणि तरी त्यात कावीळ असेल. ज्या उम्मतीने दिवसातून पाच वेळा पाण्याकडे लक्ष द्यायला शिकवले, तिने प्रयोगशाळेला परके मानण्याचे कारण नाही.

तपासणीची रीत समजायला अवघड नाही. नाल्यातून साधारण एक लिटर पाणी बाटलीत घेतात किंवा जाळीदार कापडाची गुंडाळी दोऱ्याने बांधून एक-दोन दिवस प्रवाहात सोडतात. ही कापडाची युक्ती १९४८ मध्ये इंग्लंडमध्ये पॅराटायफॉइड शोधण्यासाठी वापरली गेली होती. भुयारी गटारे नसलेल्या गावातही ती चालते. नमुना बर्फात ठेवून प्रयोगशाळेत नेतात. तिथे रसायने घालून थोड्या पाण्यात विषाणू गोळा करतात. मग एकतर पेशींवर तो वाढवून पाहतात किंवा कोविडमुळे घरोघरी माहीत झालेली आरटी-पीसीआर करतात. पेशींवर वाढतो तो विषाणू जिवंत असतो, पण त्याला दिवस लागतात आणि नोरोसारखे विषाणू तसे सहज वाढत नाहीत. पीसीआर लवकर होते, पण मेलेला विषाणूही दाखवते. पावसाळ्यात पाणी पातळ होते, तेव्हा मिरचीच्या एका विषाणूशी तुलना करतात. मिरची आपण सगळेच खातो, त्यामुळे तो विषाणू माणसांच्या विष्ठेत हमखास सापडतो.

आपल्याकडे एक खबरदारी जास्त घ्यावी लागेल. दौंडला नुसते भीमेचे पाणी तपासले तर त्यात पुण्याचे विषाणूही सापडतील. म्हणून नमुने गावातल्या नाल्यांतून, ते नदीला मिळण्याआधी घ्यायला हवेत. शिरूरला घोड नदीबाबतही तेच.

दुसरे कारण आपल्या जखमेचे आहे. एप्रिल २०२० मध्ये तबलिगी जमातच्या निमित्ताने आजाराला धर्म चिकटवला गेला. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेले असण्याची शक्यता नोंदवली. तोवर व्हायची ती बदनामी होऊन गेली होती. सांडपाण्याच्या बाटलीत हजारो घरे एकत्र असतात. कोण आजारी, त्याचे नाव काय, तो नमाज पढतो की आरती करतो, हे ती सांगू शकत नाही.

पण बाटली कुठे बुडवायची हे माणूसच ठरवतो. नमुने फक्त मुस्लिम मोहल्ल्याच्या तोंडाशी घेतले, तर विषाणूही तिथेच सापडेल आणि बातमीही तशीच छापून येईल. म्हणून तपासणीला विरोध न करता तिच्या अटी आपण ठरवून घ्याव्यात. नमुने सगळ्या प्रभागांतून, रेल्वे वसाहत आणि बाजारपेठेसकट घ्यावेत. निकाल महिन्याला नगरपरिषदेच्या फलकावर आणि मराठीत लागावा. विषाणू सापडला तर आधी पाण्याची वाहिनी, क्लोरीन आणि लसीकरण तपासावे. एखाद्या वस्तीला पोलिसांचा वेढा घालू नये.

दौंड किंवा शिरूरला राहणाऱ्या पाच-सहा जणांनी इतर समाजांतल्या मित्रांना सोबत घेऊन मुख्याधिकाऱ्यांकडे माहितीच्या अधिकारात एक अर्ज द्यावा: आपल्या गावातले सांडपाणी विषाणूंसाठी तपासले जाते का, आणि शेवटचा निकाल काय आला? तपासणी होत असेल तर निकाल मागा. होत नसेल तर तेच उत्तर हातात घेऊन पुढच्या सर्वसाधारण सभेआधी नगरसेवकांना भेटा.