मुलींच्या अपेक्षा आणि कोरियन मालिका



कोरियन मालिका बघून आपल्या मुली बिघडल्या, असं हल्ली फार ऐकू येतं. वधू-वर मेळाव्यात ऐकलं, हळदीच्या कार्यक्रमात ऐकलं, आणि आता चातुर्मासात कशाचा त्याग घ्यायचा हा विषय निघाला तेव्हा महिला मंडळातही ऐकलं. पालेभाज्या, बाहेरचं खाणं, रात्रीचं पाणी यांच्या जोडीला एक नवीन सूचना आली : कोरियन मालिकांचा त्याग. कारण विचारलं तर धर्माचं नव्हतं. मुलींच्या अपेक्षा वाढल्या, चांगली चांगली स्थळं नाकारतात, पस्तिशीला आलेली मुलं घरोघरी बसून आहेत, आणि हे सगळं त्या गोऱ्या-गोमट्या कोरियन पोरांमुळे!

मी या मालिका लॉकडाऊनपासून बघते. आधी मुलीने लावून दिली, मग सुनेची गोडी लागली, आता आम्ही दोघी मिळून बघतो आणि मुलगी फोनवरून भांडते. त्यामुळे या विषयावर बोलायचा मला थोडा तरी अधिकार आहे, असं मी समजते.

आधी धर्माचं बोलू. शास्त्रात विकथा सांगितल्या आहेत : स्त्रीकथा, राजकथा, चोरकथा, भोजनकथा. कोरियन मालिकेच्या एका भागात या चारही सापडतात. नायिका असते, राजघराण्यासारखं एखादं उद्योगपती घराणं असतं, कंपनी लुबाडणारा चोर असतो, आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी जेवत असतं. तेही काय जेवतात ते बघायची सोय नाही. मी तेवढा वेळ वाती वळते. तेव्हा ही करमणूक निर्दोष आहे असा दावा मी करणार नाही. पण मग विकथा म्हणून सोडायची तर सगळीच सोडा. सासू सुनेच्या दुधात काहीतरी मिसळते ती आपली संध्याकाळची मालिका कुठल्या अनुयोगात बसते? दशलक्षणाचे दहा दिवस आमच्या घरात सगळ्याच मालिका बंद असतात, कोरियन, मराठी, हिंदी. त्याग घ्यायचा तर आपल्या आत्म्यासाठी घ्यावा. मुलींची लग्नं जमावीत म्हणून कसला त्याग?

बी.कॉम. झालेली असल्याने मी एकदा हिशोबही मांडला. कोरियन प्रेमकथा साधारण 16 भागांची, भाग सरासरी 70 मिनिटांचा. म्हणजे 18 तास 40 मिनिटं, आणि कथा संपली. आपली रोजची मालिका आठवड्याला सहा दिवस, जाहिरातींसकट अर्धा तास धरला तर वर्षाला 156 तास. एवढ्या वेळात आठ कोरियन मालिका पूर्ण होतात, आणि आपली नायिका अजून जिन्यावरून पडत असते. भोगोपभोगाला परिमाण घालायचं म्हटलं तर ज्याला शेवट आहे त्याला घालणं सोपं. (कोरियातही शंभर-सव्वाशे भागांच्या घरगुती मालिका असतात हं, आणि त्यात खाष्ट सासवाही असतात. आपल्यापर्यंत त्या फारशा पोचत नाहीत इतकंच.)

आता मुख्य मुद्दा, त्या अपेक्षांचा.

मुलींना काय हवं आहे, हे कुणी विचारलंय का? आपण धरून चालतो की त्यांना उंच, गोरा, श्रीमंत मुलगा हवाय. पण मालिका बघताना मुली नेमक्या कुठे थांबतात, कुठलं दृश्य पुन्हा लावतात, ते बघा. ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ ही 2019-20 ची मालिका तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिली असेल. दक्षिण कोरियातली श्रीमंत मुलगी पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडून उत्तर कोरियात उतरते आणि तिथल्या लष्करी अधिकाऱ्याच्या घरी लपून राहते. ती त्याच्याकडे सुगंधी मेणबत्ती मागते, तो बिचारा साधी आणतो. पुढे ती बाजारात हरवते. अंधार, गर्दी, परका मुलूख. तेव्हा तो गर्दीत मेणबत्ती उंच धरून उभा राहतो, तिला दिसावं म्हणून, आणि ती या वेळी सुगंधी असते. माझी सून हे दृश्य तीनदा बघते. त्यात श्रीमंती नाही. तिने एकदा मागितलेलं त्याने लक्षात ठेवलं, एवढंच आहे.

त्याच मालिकेतल्या गावच्या बायका मात्र माझ्या लाडक्या. एकमेकींची उणीदुणी काढत थंडीसाठी ढीगभर किमची घालतात, ते बघून मला आमच्या गल्लीतले कुरडयांचे दिवस आठवतात. जाता जाता सांगते, नातवंडं किमची मागवा म्हणून हट्ट करतात. तिच्यात लसूण असतोच, आणि बहुतेक वेळा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा रसही असतो. शिवाय कितीतरी दिवस आंबवलेली, म्हणजे मर्यादेचाही प्रश्न आला. वरून कोबी दिसतो म्हणून फसू नका. त्या शेवयांच्या पाकिटांवरही हिरवा ठिपका बघितल्याशिवाय घरात घेऊ नका. आणि गंमत म्हणजे त्याच देशातल्या बौद्ध मठांच्या स्वयंपाकात कांदा-लसूण चालत नाही. मुळा आणि कमळकाकडी मात्र चालते, त्यामुळे आपली पंगत तिथेही पूर्ण बसणार नाही.

तर, अपेक्षा. 2024 च्या ‘क्वीन ऑफ टिअर्स’मध्ये एका बड्या घराण्यात पूर्वजांच्या पूजेचा स्वयंपाक असतो. कोरियात हे काम पिढ्यान्‌पिढ्या सुनांचं. या घरात मात्र शिकलेसवरलेले जावई ॲप्रन बांधून घावन भाजत असतात आणि कुरकुरतात, की पूर्वज यांचे, राबायचं आम्ही! आम्ही दोघी हसून बेजार झालो. मग सून हळूच म्हणाली, “आई, सगळ्या घरांत हेच वाक्य बायका मनात म्हणतात.” यावर मी काही बोलले नाही, पण पुढच्या सणाला मुलाला पुरण वाटायला बसवलं. दोन्ही मालिका पार्क जी-उन या एकाच लेखिकेच्या. तिथल्या गाजलेल्या प्रेमकथा बहुतेक बायकांनीच लिहिलेल्या आहेत, हे कळल्यावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. असा पुरुष कोरियात गल्लोगल्ली भेटतो असं नाही. बायकांना जे मिळालं नाही ते त्यांनी कागदावर मागितलं, आणि एका नटाने ते करून दाखवलं.

तिथली खरी परिस्थिती तर फार वेगळी आहे. 2023 साली दक्षिण कोरियाचा जननदर 0.72 इतका खाली गेला, जगात सर्वांत कमी. घरांच्या किमती, कामाचे तास, लग्नानंतर बाईवरच पडणारं घर आणि मूल, यामुळे तिथल्या मुलीच लग्नाला तयार नाहीत. त्या तर याच मालिकांच्या गावच्या. मग त्यांना कुणी बिघडवलं म्हणायचं?

आमच्या नात्यातल्या एका मुलीने गेल्या वर्षी एक स्थळ नाकारलं. मुलगा देखणा, स्वतःचं दुकान, चार एकर ऊस, माणसं धार्मिक. दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं. पाऊण तासाने ती खाली आली आणि नाही म्हणाली. घरात हलकल्लोळ. कुणीतरी लगेच म्हणालंच, हिच्या डोक्यात कोरियन भूत आहे. मी तिला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, “मावशी, त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. दुकान सांगितलं, गाडी सांगितली, आईला काय आवडतं ते सांगितलं. मी काय करते तेसुद्धा विचारलं नाही.” मैत्रिणींनो, या मागणीला पैसा लागत नाही. उंची लागत नाही. प्रश्न विचारायला आपण मुलाला शिकवू शकतो, आणि ते काम मुलांच्या आयांचं आहे. मुली काय बघतात यावर पहारा ठेवण्यापेक्षा ते अवघड आहे, म्हणून आपण टाळतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

या मालिकांत मला खटकणारंही पुष्कळ आहे. दुःख झालं की दारू, आनंद झाला की दारू. लहानपणी एकदा भेटले होते म्हणून नियतीने एकत्र आणलं, हा तर दर तिसऱ्या मालिकेतला उपाय. कर्मसिद्धांत मानणाऱ्या आपण तो कसा पचवायचा? जुन्या मालिकांत नायक मुलीचं मनगट धरून फरफटत नेतो आणि त्याला प्रेम म्हणतात. 2009 च्या ‘बॉइज ओव्हर फ्लॉवर्स’मधला तो श्रीमंत, उद्दाम पोरगा आधी तिला छळतो आणि मग तोच नायक! आमच्या मुलीला तो आवडायचा. त्यावरून आमचं तासभर वाजलं. पण त्या तासात मुलीशी मी जे बोलले, की कुणी हात धरला तर काय करायचं, राग आणि प्रेम यांत फरक कसा ओळखायचा, ते तिच्या लग्नाआधी मला एकदाही बोलता आलं नव्हतं. आपल्यात आई-मुलीत हे विषय निघतच नाहीत. तिसऱ्याच्या गोष्टीवर मात्र मोकळेपणाने बोलता येतं. पवनंजयाने अंजनेला गैरसमजापायी बावीस वर्षं दूर ठेवलं, आणि गरोदर सुनेवर विश्वास न ठेवता सासूने तिला घराबाहेर काढलं, ही कथा आपल्या आज्यांनी पुराण म्हणूनच सांगितली ना? तेव्हा कुणी म्हटलं नाही की मुली ऐकून बिघडतील. ऐकणाऱ्या बायका त्या सासूला मनसोक्त नावं ठेवायच्या आणि आपल्या घरचंही त्यात थोडं सांगून घ्यायच्या.

आणि समजण्याच्या बाबतीत आपण मराठी बायका तर भाग्यवान. मी इंग्रजी अक्षरं वाचत बघते. कोरियन भाषेत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचा भेद आपल्याइतकाच कडक. इंग्रजीत सगळंच ‘यू’, त्यामुळे पात्रं अचानक का लाजली ते साहेबाला कळत नसेल. आपल्याला कळतं. अहोचं अरे झालं की घरात काय होतं, ते आपण पाहिलंय. बापाला ते ‘आप्पा’ म्हणतात, आमच्या सांगलीकडच्या घरात म्हणतात तसं. मुलीने मोठ्या भावाला म्हणायचं ‘ओप्पा’, आणि प्रियकरालाही तेच! ते अंगवळणी पडायला मला दोन मालिका लागल्या. 

सध्या आम्ही ‘व्हेन लाइफ गिव्ज यू टँजरिन्स’ बघतोय, 2025 ची. जेजू बेटावरची ए-सुन, तिची समुद्रात बुडी मारून शिंपले काढणारी आई आणि तिची मुलगी, अशा तीन पिढ्या. तरुणपणी सासरी पुरुषांचं ताट वेगळं आणि बायकांचं वेगळं असतं. तिचा नवरा ग्वान-शिक एक दिवस जेवता जेवता पाठ फिरवतो आणि बायको-मुलीकडे तोंड करून त्यांच्याबरोबर जेवायला लागतो. भाषण नाही, भांडण नाही. माझ्या सासऱ्यांनी हे पाहिलं असतं तर जेवण सोडून उठले असते.

पुढे त्यांच्या मुलीचं लग्न ठरतं. मुलगा चांगला, तिच्यावर जीव टाकणारा. पण त्याच्या आईला ही गरीब घरची मुलगी पसंत नाही, आणि आईसमोर त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. शेवटी मुलगी स्वतःच लग्न मोडते. तो भाग संपल्यावर सुनेने टीव्ही बंद केला आणि विचारलं, “आई, तुम्ही त्या मुलाच्या आईच्या जागी असता तर?” मी म्हटलं, मी तुला बघायला आले तेव्हा तुला काय वाटलं होतं ते आधी सांग. अकरा वर्षं झाली तिला या घरात येऊन, हे मी कधी विचारलं नव्हतं आणि तिने कधी सांगितलं नव्हतं. तिने सांगितलं. त्यातलं सगळं मला गोड लागलं असं नाही. दुसऱ्या दिवशी अष्टमी होती, त्यामुळे पुढचा भाग अजून बघायचा राहिलाय.