हेडसेट कुणासाठी घ्यायचा?



गेल्या पंधरवड्यात आमच्या हौशी रेडिओवाल्यांपैकी तिघांनी मला विचारलं, "सर, हेडसेट कुठला घेऊ?" विचारलं म्हणजे काय, तिघांनीही आधीच घेतला होता. माझ्याकडून फक्त शाबासकी हवी होती. एकाच्या खोक्यावर '२० ते २०,००० हर्ट्झ' असं छापलेलं, दुसऱ्याच्याला दणदणीत बास, तिसऱ्याचा बिनवायरचा आणि वर नॉइज कॅन्सलिंग. शाबासकी काही मिळाली नाही. का मिळाली नाही ते इथेच लिहून टाकतो, म्हणजे प्रत्येकाला फोनवर सांगत बसायला नको.

४० मीटर बँडवर एसएसबीने आपण बोलतो तेव्हा आवाजाचा साधारण ३०० ते ३,००० हर्ट्झ एवढाच पट्टा पलीकडे जातो. बाकीचं रेडिओच कापून टाकतो. जे आलंच नाही ते वीस हजार हर्ट्झचा हेडसेट कुठून ऐकवणार? बासवाला तर खालचं उरलंसुरलं फुगवून शब्दांवर पांघरूण घालतो.

नॉइज कॅन्सलिंगचं वेड मला सगळ्यात जास्त खटकतं. अमर बोस यांना ही कल्पना सुचली १९७८ साली, विमानप्रवासात. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये आला. वैमानिकाच्या कानाभोवती इंजिनाची घरघर असते, त्याला तो हवाच. पण आपली खरखर अँटेनातून, सिग्नलच्या हातात हात घालून आत येते. शेजारच्या एलईडी दिव्याने केलेला गोंगाट हेडसेटच्या लेखी आवाजच आहे, तो इमानेइतबारे कानात घालतो! आणि बिनवायरचा? मोर्स पाठवताना आपलाच टिंब-रेघांचा आवाज उशिरा ऐकू आला की हात अडखळतो. करून बघा.

पण हे सगळं कानाचं झालं. माझं खरं भांडण वेगळंच आहे. दुकानात जो तो हेडसेट कानाला लावून बघतो. मायक्रोफोन कसा आहे, हे कुणी विचारत नाही. दुकानदारही सांगत नाही, त्याला खपवायचाय. मायक्रोफोन आपल्यासाठी नसतोच, तो पलीकडच्या माणसासाठी असतो.

हे मी स्वतःच्या फजितीवरून शिकलो. पावसाळ्यापूर्वीच्या एका सरावात मी जावयाने दिलेला झकास हेडसेट लावून निरोप वाचला: "साठ चादरी पाठवा." कंट्रोल स्टेशनने लिहून घेतलं, सात. आयुष्यभर मुलांचे उच्चार सुधारत आलेला मी, आणि माझा 'ठ' वाटेत हरवला! स्वरांचा जोर खालच्या पट्ट्यात असतो, व्यंजनाची ओळख पटवणारा बारीक अंश वरच्या. माझा मायक्रोफोन तोच खाऊन टाकत होता. सराव होता म्हणून हसलो. पण डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामीनंतर भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरहून निरोप पाठवत होते, तो सराव नव्हता. तिथे साठाचे सात झाले असते तर त्रेपन्न माणसं कुडकुडली असती.

तेव्हापासून अंकही सुटे सांगतो, "सहा, शून्य". आणि हेडसेट वापरतो तो जुनाच, डायनॅमिक मायक्रोफोनचा, तोंडाच्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर धरलेला, समोर नाही. नाहीतर 'प' आणि 'फ'चे फुसकारे जातात. दिसायला अगदीच गबाळा आहे. इलेक्ट्रेट घेतलात तरी चालेल, पण त्याला थोडा व्होल्टेज लागतो, आणि मायक्रोफोनच्या पिनांची जोडणी कंपनीगणिक वेगळी असते. तेव्हा रेडिओचं पुस्तक आधी उघडा. ते कुणी उघडत नाही, असो.

ज्याला फक्त ऐकायचंय त्याने हवा तो घ्यावा, माझं काही म्हणणं नाही. बोलणाऱ्याने मात्र एक परीक्षा द्यावी. मी वीस शब्दांची यादी केली आहे: सात, साठ, पाट, पाठ, ताट, थाट, असले. नवा हेडसेट लावून ते एकेकदाच वाचायचे, दुसऱ्या गावच्या मित्राने ऐकून लिहायचे. शुद्धलेखनच म्हणा ना.

परवा बिनवायरवाल्याने परीक्षा दिली. वीसपैकी अकरा. सध्या माझ्यावर रुसलाय.