गगनबावड्याच्या वाटेवर

फ्रान्समधल्या टेकड्यांतून, गावागावांतून सायकलने हिंडणाऱ्यांची वर्णनं आपण हौसेने वाचतो. तसाच मुलूख कोल्हापूरच्या वेशीबाहेर पसरला आहे. रंकाळा मागे टाकून फुलेवाडी, बालिंगा, कळे करत गगनबावड्यापर्यंतचे सुमारे ५५ किलोमीटर एकदा सायकलने जाऊन पाहा. पन्हाळ्याचा चढ ज्यांना दमवतो त्यांनी तर इथूनच सुरुवात करावी. भोगावती आणि कुंभीच्या खोऱ्यांत रस्ता हलकेच वर-खाली होत राहतो, दोन्ही अंगांना ऊस, हंगामात गुऱ्हाळांचा दरवळ. पाणी प्यायला थांबलात की ‘कुठनं आलासा?’ अशी चौकशी होते आणि बऱ्याचदा पुढ्यात ताजी काकवी येते. मोटारीच्या काचेआडून हे मिळत नाही. शेवटी सह्याद्रीची धार. तिथून करूळ आणि भुईबावडा हे घाट कोकणात उतरतात.

म्हणूनच हा अंक सायकलच्या प्रवासाला दिला आहे. मात्र ऊस हंगामात अंधार पडल्यावर मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या या रस्त्यावर जीवघेण्या ठरतात. प्रत्येक ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावल्याशिवाय ती कारखान्याच्या फाटकातून बाहेर सोडू नये, अशी आमची सर्व साखर कारखान्यांना विनंती आहे, आणि ती हंगाम सुरू होण्याआधीच अमलात यावी.