धर्मसेवकाने विधिमंडळात जावे काय?

शुक्रवारी शेवटच्या तासाला मुलांनी मनात येईल तो प्रश्न विचारावा व आम्ही यथामति उत्तर द्यावे, असा आमच्या वर्गाचा प्रघात आहे. गेल्या पावसाळ्यात नववीतील एका मुलाने विचारले, "एखादा मनुष्य आधी विमान चालवीत होता, मग मंडळीचा पाळक झाला आणि अखेर विधिमंडळात निवडून गेला, तर त्याचे खरे काम कोणते म्हणावे?" मागल्या बाकावरून लगेच उत्तर आले, "गुरुजी, त्याला एकही काम धड जमले नसेल!" वर्ग खदखदून हसला. आम्हांसही हसू आले. पण प्रश्न काही मनातून जाईना. कारण त्याच सुमारास आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरी हाच प्रश्न निराळ्या वेषाने येऊन बसला होता.

हा तरुण वेल्ह्याकडचा. पुण्यास एका कारखान्यात यंत्रावर त्याची चांगली नोकरी होती. ती सोडून त्याने धर्मशिक्षण घेतले व एका लहानशा मंडळीचा तो पाळक झाला. त्याबद्दल वडील दोन वर्षे त्याच्याशी नीट बोलले नाहीत. पुढे गावकऱ्यांनी, ज्यांत बहुतेक अन्यधर्मीयच होते, त्याला ग्रामपंचायतीस उभे राहण्याचा आग्रह केला. तेव्हा मंडळीतील वडीलधारे रुष्ट झाले. पाळकाने मते मागत दारोदार हिंडावे काय, असे ते विचारू लागले. बिचारा दोन्हीकडून पेचात सापडून आमच्याकडे सल्ल्यास आला. त्याला आम्ही जे सांगितले, तेच येथे पालकवर्गापुढे ठेवीत आहोत.

प्रथम धंदा बदलण्याविषयी. कंटाळा आला म्हणून काम टाकणारा चंचल होय, ह्यात शंका नाही. परंतु अधिक कठीण कर्तव्याची हाक ऐकून जो हातचे सुखाचे काम ठेवतो, त्याला चंचल म्हणणे अन्याय आहे. पेत्र कोळी होता, मत्तय जकातदार होता. आपल्या भोर तालुक्याचेच उदाहरण घ्या. बाजीप्रभू हे हिरडस मावळातील देशपांडे. दप्तर व हिशेब हे त्यांच्या घराण्याचे काम. १६६० साली घोडखिंडीत उभे राहताना हे आपले काम नव्हे, असे त्यांनी म्हटले नाही.

आता दुसरा प्रश्न, धर्मसेवकाने राज्यकारभारात पडावे काय हा. जर्मनीतील मार्टिन नीमोलर पहिल्या महायुद्धात पाणबुडीचे कप्तान होते. १९२४ साली त्यांनी पाळकपदाची दीक्षा घेतली. हिटलरच्या उदयाचे त्यांनी आरंभी स्वागतच केले होते. पुढे राजसत्ता मंडळीच्या कारभारात हात घालू लागली, तेव्हा ते विरोधास उभे राहिले, आणि १९३७ पासून १९४५ पर्यंत त्यांना कैदेत राहावे लागले. सुटून आल्यावर, इतरांवर अन्याय होत असता आपण वेळीच बोललो नाही, ही चूक त्यांनी उघडपणे कबूल केली. धर्मसेवकाच्या मौनाचीही किंमत कोणाला तरी मोजावी लागते, हा धडा त्यांच्या चरित्रात आहे.

आपल्या मराठी मुलखातील दाखला स्वामी रामानंद तीर्थ ह्यांचा. त्यांचे मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर, जन्म १९०३ सालचा. पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. कामगारांचे पुढारी नारायण मल्हार जोशी ह्यांच्या हाताखाली त्यांनी काम केले, नंतर मराठवाड्यात शिक्षकाचा पेशा पत्करला व संन्यास घेतला. संन्याशाने मठात बसावे, ही लोकांची समजूत. पण स्वामीजी निजामाच्या राज्यात प्रजेच्या हक्कांसाठी उभे राहिले व त्यांनी तुरुंगवास सोसला. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान मुक्त झाले. पुढे १९५२ व १९५७ साली ते लोकसभेवर निवडून गेले, तेही भगव्या वस्त्रानिशीच. नांदेडचे विद्यापीठ आज त्यांचे नाव धारण करते.

तसेच खासी टेकड्यांतील रेव्हरंड जेम्स जॉय मोहन निकोल्स रॉय (१८८४–१९५९). हे पाळक असून आसामच्या विधिमंडळाचे सभासद व मंत्री होते, आणि पुढे संविधान सभेतही बसले. आपल्या डोंगरी लोकांची जमीन, जंगल व रूढी ह्यांवर त्यांचाच अधिकार राहावा म्हणून त्यांनी तेथे खटपट केली. संविधानाच्या सहाव्या परिशिष्टाने ज्या स्वायत्त जिल्हा परिषदा निर्माण झाल्या, त्यांत ह्या पाळकाचा मोठा वाटा आहे. त्यांनी मागितले ते केवळ आपल्या मंडळीपुरते नव्हते. टेकडीवरील प्रत्येक घराला, मग ते कोणत्याही धर्माचे असो, त्याचा लाभ झाला.

तथापि वडीलधाऱ्यांची भीती निराधार आहे, असे आम्ही म्हणत नाही. सत्तेची चव भल्याभल्यांना भ्रष्ट करते, आणि उपदेशपीठावरून मते मागणे हा तर उपासनेचा अपमानच होय. म्हणून आम्ही त्या तरुणास तीन गोष्टी सांगितल्या. उपासनेत निवडणुकीचा शब्दही काढू नये. निवडून आल्यास मंडळीचा पैसा व कारभार दुसऱ्याच्या हाती सोपवावा. आणि पराभव झाला, तर दुसऱ्या दिवशी ज्याने विरुद्ध मत दिले त्याच्याही आजाऱ्यास भेटण्यास जावे. एवढे साधणार नसेल, तर उभे राहू नये.

त्यावर तो म्हणाला, "गुरुजी, श्रावणात आमच्या वाडीची एक बाळंतीण झोळीत घालून चिखलातून खाली आणली. मी वाटभर प्रार्थना करीत चाललो होतो. ती वाचली. पण पुढच्या वर्षी रस्ता नसेल, तर माझ्या प्रार्थनेला मी काय म्हणू?"

ह्यावर आम्हांस उत्तर सुचले नाही, आणि खरे सांगावयाचे तर आमचे मत त्याच क्षणी पक्के झाले. ज्या हाताने झोळीचा दांडा धरला, त्याच हाताने रस्त्याच्या अर्जावर सही केली, तर ती एकच सेवा होय.

पालकहो, आपला मुलगा उद्या ठरलेली वाट सोडू लागला, तर रागावण्यापूर्वी त्याला इतकेच विचारावे, "बाबा, तू कशापासून पळतो आहेस, की कोणाकडे धावतो आहेस?" उत्तर दुसरे असेल, तर त्याला आशीर्वाद द्यावा. त्या तरुणाच्या वडिलांनी अखेर तसेच केले. अर्ज भरण्याच्या दिवशी ते त्याच्याबरोबर कचेरीपर्यंत चालत गेले, असे आम्हांस कळते. आणि विद्यार्थिमित्रांनो, मागल्या बाकावरील त्या चिरंजीवाने आपले उत्तर आता पुन्हा एकदा तपासून पाहावे, अशी आमची त्याला प्रेमाची सूचना आहे.