सोने परत गेले, भंगाराचे काय?

२०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात पुण्याच्या सदाशिव पेठेत कचरा गोळा करणाऱ्या एका भगिनीला १० लाख रुपये असलेली पिशवी सापडली आणि तिने ती ज्याची त्याला परत केली. बातमी सर्वत्र झळकली, कौतुक झाले. अशा बातम्या आपल्याला नवीन नाहीत. दिवाळीच्या साफसफाईत जुन्या डब्याबरोबर मंगळसूत्र जाते, लग्नघरी फुलांबरोबर अंगठी जाते, आणि कचरावेचक बाई ते ढिगातून हुडकून आणून देते. मग शाल, श्रीफळ, छायाचित्र. वृत्तपत्राचा मथळा ठरलेला असतो : ‘गरिबीतही प्रामाणिकपणा’.

या मथळ्यातील ‘ही’ या अक्षरापाशी मन प्रत्येक वेळी अडखळते. गरीब माणूस संधी मिळताच चोरी करणारच, असे गृहीत धरल्याखेरीज ते अक्षर तेथे येऊच शकत नाही. बँकेचे कोट्यवधींचे कर्ज मुदतीत फेडणाऱ्या एखाद्या कारखानदाराचा ‘श्रीमंतीतही प्रामाणिक’ म्हणून कोणी सत्कार केल्याचे ऐकिवात नाही. वास्तविक त्या भगिनीने जे परत केले ते तिचे नव्हते. ते परत करण्यात तिला स्वतःला काही विशेष वाटले नसेल. आमच्या मते विचार करण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. कचऱ्यातले जे धन खरोखर तिचे आहे, ते तिच्या हातून दररोज काढून घेतले जात आहे, आणि त्याची बातमी कोठेच येत नाही.

ते धन कोणते, हे आपल्या मावळात पाहावे. २०११ च्या जनगणनेनुसार लोणावळ्याची वस्ती ६० हजारांच्या आत होती. परंतु पावसाळ्यातल्या रविवारी भुशी धरणाच्या पायऱ्यांवर पाय ठेवावयास जागा नसते, आणि सोमवारी सकाळी तीच वाट पाहिली म्हणजे मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू वर्गाने मागे ठेवलेली सारी दौलत उघड्यावर पडलेली दिसते. पाण्याच्या आणि दारूच्या बाटल्या, चिक्कीचे खोके, एका पायाची चप्पल, मोडलेली छत्री, भिजला म्हणून टाकून दिलेला चांगला सदरा. तुंगार्ली-वळवणच्या बंगल्यांतून तर गाद्या, पंखे, भांडी, विजेची उपकरणेही बाहेर पडतात. दुरुस्त करण्यापेक्षा नवे आणणे सोपे, अशी ज्यांची ऐपत आहे त्यांची ही घरे.

या वस्तूंना मोल आहे, पण ते पडल्या जागी नाही. रस्त्यात पडलेली बाटली हा कचरा असतो. कोणीतरी वाकून ती उचलते, चिखल पुसते, काच, प्लास्टिक, पुठ्ठा, पत्रा निरनिराळे करते, पोते डोक्यावर घेऊन भंगाराच्या दुकानापर्यंत चालत जाते, तेव्हा त्याच बाटलीचा ‘माल’ होतो आणि तिला काट्यावर भाव मिळतो. कचरा आणि माल यांच्यामधले अंतर हे सर्वस्वी त्या बाईच्या श्रमाचे अंतर आहे. मूल्य श्रमातून निर्माण होते हे आपण अभ्यासवर्गांतून वर्षानुवर्षे शिकवत आलो. उदाहरण मात्र नेहमी गिरणीचे दिले. गिरण्या गेल्या; उकिरड्यावरचे हे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर होते, ते आपल्याला दिसले नाही. हा दोष इतरांइतकाच आपलाही आहे.

२०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालील वस्तीच्या शहरांत लोणावळा देशात दुसरे आले. पहिले विटा, तिसरे सासवड; तिन्ही आपल्याच राज्यातली. नगरपरिषदेचे आणि तिच्या सफाई कामगारांचे त्याबद्दल अभिनंदन करावयास संकोच नको. परंतु शहरातली प्रत्येक बाटली आणि प्रत्येक पुठ्ठा जो कोणी रस्त्यावरून उचलून नेतो, तो वरसोलीच्या कचरा डेपोवरचा तेवढा भार कमी करतो. हा भार कमी करणाऱ्यांत पगारपत्रकावर नाव नसलेल्या स्त्रियाही आहेत, आणि पारितोषिकाच्या व्यासपीठावर अशा स्त्रीला खुर्ची नसते.

कायद्याने सापडलेल्या वस्तूचा विचार केलेलाच नाही, असे मात्र नाही. इंग्रजांनी १८७८ साली गुप्तधनाचा कायदा केला. जमिनीत दडवलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन कोणास सापडले तर त्याने ते जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे, मूळ धनी न मिळाल्यास आणि निराळा करार नसल्यास तीन-चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा व उरलेला जमिनीच्या मालकाचा, असे त्यात ठरवून दिले. त्याआधी १८७२ च्या करार कायद्याने, हरवलेल्या वस्तूसाठी धन्याने बक्षीस जाहीर केले असेल तर ते दावा लावून मागण्याचाही हक्क सापडणाऱ्यास दिला होता. म्हणजे कोणा सावकाराने पुरलेला हंडा योगायोगाने कुदळीला लागला तर कायदा त्या कुदळीचा हक्क मानतो. योगायोगाची वाट न पाहता रोज पहाटे उठून ढीग उपसणाऱ्या हाताचा हक्क मात्र त्याने शतकभर मानला नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत ‘कचरावेचक’ या शब्दाची व्याख्या आली आणि या लोकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकण्यात आली. कागदावर तरी ते झाले.

ज्यांना आपल्या कचऱ्याची किंमत ठाऊक असते, ते तो फुकट टाकीत नाहीत, हेही येथे ध्यानात घ्यावे. सोनाराच्या दुकानातला केर कोणी उकिरड्यावर फेकत नाही. त्या धुळीत कानशीने उडालेला सोन्याचा कण असतो. ती धूळ विकत घेऊन, पाण्यात धुऊन, कण कण वेगळा करणारे झारेकरी आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या आहेत. सराफ पेढ्यांसमोरच्या गटारातला गाळही ते धुतात. शेतकऱ्याने तर मैल्याच्या खताला ‘सोनखत’ हे नाव देऊन ठेवले. आणि तो मैला ज्या माणसाच्या डोक्यावर दिला, त्याला गावकुसाजवळ उभे केले नाही. वस्तू सोन्याची आणि ती वाहणारा माणूस अस्पृश्य, ही आपल्या समाजरचनेची जुनी रीत आहे.

तीच रीत नव्या वेषात तळेगाव-चाकण पट्ट्यात चालू आहे. तेथील कारखान्यांतून निघणारे भंगार म्हणजे टनांच्या हिशेबातले लोखंड, तांबे, अल्युमिनियम. त्याचे ठेके कोणाला मिळतात, ते मिळवण्यासाठी कोणकोणत्या पुढाऱ्यांची माणसे फाटकाशी जाऊन उभी राहतात, दमदाटी आणि हाणामाऱ्या कशा होतात, हे या भागातल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर ठाऊक आहे. ‘भंगारवाला’ म्हणून हिणवण्याची पद्धत तेथे नाही. तेथे त्याला ‘शेठ’ आणि ‘दादा’ म्हणतात. जेथे भंगारात खरा पैसा आहे तेथे कचरावेचक बाई औषधालाही दिसत नाही, आणि जेथे दिवसभर वाकून कसेबसे पोट भरते तेथे दुसरे कोणी फिरकत नाही. आता मात्र फिरकू लागले आहेत. शहरांच्या ओल्या-सुक्या कचऱ्याचेही मोठे ठेके निघू लागले. घंटागाडी दारात येते, कचरा बंद पेटीत जातो, आणि पेटीतला सारा सुका माल ठेकेदाराच्या मालकीचा होतो. शहर स्वच्छ दिसते. काल ज्या बाईने त्याच दारातला पुठ्ठा नेला होता, तिला आज ‘येथे थांबू नको’ असे सांगितले जाते.

पुण्यात हा प्रसंग १९९० नंतर लगेचच आला होता. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या लक्ष्मी नारायण, पौर्णिमा चिकरमाने यांच्यासारख्या कार्यकर्त्या कचरावेचक स्त्रियांमध्ये काम करीत होत्या. कोरेगाव पार्कमध्ये घरोघरी वर्गीकरण केलेला कचरा या स्त्रियांना मिळू लागला, आणि तेवढ्यात मोटार घेऊन दुसराच व्यावसायिक तेथे उतरला. स्त्रियांनी विरोध केला, तो यशस्वीही झाला. पण एका वसाहतीत जिंकून भागणार नाही हे त्यातून उमगले. १९९३ साली डॉ. बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया; कित्येकींची कुटुंबे १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेली. प्रथम ओळखपत्र, मग विमा, पतपेढी, भंगाराचे दुकान, आणि २००८ पासून ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेमार्फत पुणे महापालिकेशी करार : दारोदार कचरा गोळा करावयाचा, घरटी शुल्क घ्यावयाचे, आणि सुक्या मालाच्या विक्रीचे पैसे वेचणाऱ्या बाईचेच. या शेवटच्या अटीत सारा प्रश्न आहे. सदाशिव पेठेतली ती भगिनी ‘स्वच्छ’ची होती, हे बातम्यांतून एका ओळीत उरकले गेले. घरे तिला नावानिशी ओळखतात, हे काम तिला उद्याही करावयाचे आहे, पिशवी सापडली तर कोणाची हे ती विचारू शकते, हे संघटनेने निर्माण केलेले नाते आहे. केवळ ‘प्रामाणिकपणा’ म्हणून त्याची बोळवण करता येणार नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो हलका नाही. दलित स्त्रीला उकिरड्यावरचा हक्क मिळवून देणे म्हणजे तिला उकिरड्यावर कायमचे बसवणे नव्हे काय? मेलेली गुरे ओढण्याचे काम सोडा असे बाबासाहेबांनी सांगितले, तेव्हा त्यात किती उत्पन्न आहे याचा हिशेब मांडून दाखवणारे ‘केसरी’त पुढे आले होते. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी ती हकीगत सांगितली आहे : एवढा लाभ असेल तर तो तुम्हीच घ्या, वर मी आणखी देतो, असे त्यांचे उत्तर होते. कचऱ्यात धन आहे असे दुरून सांगणाऱ्या प्रत्येकाने, प्रस्तुत लेखकासकट, हे उत्तर पाठ करून ठेवावे.

तरीही फरक आहे. गुरे ओढणे जातीने लादले होते, त्याला नकार हाच मुक्तीचा आरंभ होता. आज नकार देणाऱ्या बाईसमोर दुसरे काम ठेवलेले नाही. ठेकेदार तिला मुक्त करीत नाही, नुसती हाकलून देतो, आणि तिचे उत्पन्न आपल्याकडे वळवतो. म्हणून कामाची रीत आणि मालकी दोन्ही बदलावयास हवीत. उकिरडा उपसण्याऐवजी दारातून वेगळा केलेला कचरा, उघड्या हातांऐवजी हातमोजे, पोत्याऐवजी ढकलगाडी, रस्त्याकडेऐवजी छपराखालची वर्गीकरणाची जागा, आणि मुलांना शाळा. पुढच्या पिढीने हे काम करू नये यासाठीसुद्धा आजच्या पिढीच्या हातात पैसा असावा लागतो.

मावळाला हे परके वाटू नये. तळेगाव दाभाड्याला १९०८ साली काचेचा कारखाना उभा राहिला तो पैसा फंडातून. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना; लोकमान्यांनी तिला पाठबळ दिले, जपानात विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय कारखाना चालवावयास आले. एकटा पैसा कोणी वाकून उचलणार नाही असा. गोळा झाला तेव्हा त्याची भट्टी झाली. आणि काचेच्या भट्टीला फुटकी काच हवीच असते : वाळू-सोड्याबरोबर काचेचा चुरा घातला की कमी उष्णतेवर रस होतो, जळण वाचते. आज फुटक्या काचेला भंगारात भाव अत्यल्प. वजन भारी, हात कापणारी, म्हणून पुष्कळदा बायका ती उचलतच नाहीत, आणि धरणाच्या वाटेवर ती अनवाणी पायांची वाट पाहत पडून राहते. एकेकीने विकण्याऐवजी सहकारी संस्थेने काच साठवून थेट कारखान्याला दिली, तर हा हिशेब बदलेल. बहुजनांचा पैसा स्वातंत्र्यापूर्वी येथे एकत्र होऊ शकला, मग बहुजनांची काच का होणार नाही?

कुरवंड्याकडून निघालेली आपली इंद्रायणी पुढे देहूला जाते. तुकोबांची गाथा बुडवली ती या नदीत, आणि ती तिने वर आणून दिली असे आपण मानतो. अभंग लिहून जपले ते संताजी जगनाड्यांनी, ज्यांची समाधी आपल्याच तालुक्यात सुदुंबऱ्याला आहे. बुडवा म्हणणारा पंडित होता, जपणारा तेली. असो, हा विषय निराळा आहे, पण अगदीच निराळा नाही.

आता कामाचे. लोणावळा व तळेगाव नगरपरिषद आणि वडगाव नगरपंचायत यांच्या कचऱ्याच्या निविदा जेव्हा निघतील तेव्हा त्या आपल्या कार्यकर्त्यांनी मागवून घेऊन वाचाव्यात. सुका कचरा विकून येणारे पैसे कोणाचे, हे त्यात लिहिलेले आहे की नाही, एवढेच प्रथम पाहावे. लिहिले नसेल तर ते ठेकेदाराचे होतात. नोंदलेल्या कचरावेचकांना प्रथम काम व मालावर हक्क, ही अट घालण्यासाठी सभागृहात आपला सभासद नसला तरी अर्ज, शिष्टमंडळ आणि वेळ पडल्यास धरणे हे मार्ग उपलब्ध आहेत. परंतु अटीसाठी आधी नोंद हवी. ती पावसाळ्याआधी पुरी व्हावी. घरोघर शोधण्यात वेळ दवडू नये. भंगाराच्या दुकानापाशी दुपार उलटल्यावर जाऊन बसावे. माल तोलून घ्यावयास बायका तेव्हा तेथे येतात, आणि काटा बरोबर आहे की नाही हेही बसल्या जागी पाहता येते.